सूचनापेटीची किल्ली

आमच्या शाळेत एक सूचनापेटी आहे. पत्र्याची, वर फट, छोटंसं कुलूप. मागे एकदा कुणाच्या तरी लक्षात आलं की ती वर्षभर उघडलेलीच नाही. किल्ली सापडेना, शेवटी कुलूप तोडलं. आत बऱ्याच चिठ्ठ्या निघाल्या. चॉकलेटचे कागद निघाले, एक पडलेला दातही निघाला (तो कशासाठी, देव जाणे). आणि पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी होती: 'मुलींच्या संडासाची कडी लागत नाही. आम्ही एकमेकींसाठी दार धरतो.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण पेटीच्या बरोब्बर वर, भिंतीवर, बालहक्कांचा रंगीत तक्ता लावलेला होता. माझ्याच वर्गाने केलेला, बक्षीस मिळालेला. त्यात खासगीपणाचा हक्कसुद्धा होता. संयुक्त राष्ट्रांच्या बाल हक्क संहितेतलं सोळावं कलम. तक्त्यात कुलपाचं चित्र काढलं होतं, आणि खऱ्या दाराची कडी लागत नव्हती.

सफाईच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मी दोनदा सांगितलं होतं की ऑफिसात." त्यांचंही कुणी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, पटो न पटो. प्राथमिक शाळेत बालहक्कांचा 'प्रसार' मुलांमध्ये करायची गरज फार कमी असते. खरा अडाणीपणा आम्हा मोठ्यांचा आहे. संयुक्त राष्ट्रांनी ही संहिता 20 नोव्हेंबर 1989 ला स्वीकारली. 54 कलमं आहेत. त्यातलं बेचाळिसावं म्हणतं की हे हक्क मुलांना आणि मोठ्यांना, दोघांनाही माहीत करून द्यायचे. आपण त्यातला मोठ्यांचा भाग सोयीस्करपणे गाळतो, मुलांकडून घोषवाक्यं पाठ करून घेतो आणि फोटो काढून मोकळे होतो.

माझंच सांगते. कितीतरी वर्षं मी गृहपाठ न करणाऱ्यांचा खेळाचा तास कापायचे. मारत नाही ना, मग झालं, असं वाटायचं. एकतिसाव्या कलमात खेळ आणि विश्रांती हा हक्क म्हणून लिहिलाय, त्याच्यापुढे 'गृहपाठ पूर्ण असल्यास' असं कुठेही नाही. आणि शिक्षिकेच्या नजरेने बघितलं तरी हा धडधडीत मूर्खपणाच होता. ज्याला बसवत नाही त्यालाच आणखी बसवायचं!

"हक्क शिकवले की पोरं डोक्यावर बसतील, कर्तव्यांचं काय?" हे पालकसभेत हमखास येतं. एक बाबा तर हसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही खुशाल दोन फटके द्या, आमची तक्रार नाही." अहो, तुमची नसेल, पण त्याची असेल ना! शाळेतली शिस्त मुलाच्या माणूसपणाला धक्का न लावता राखायची, हे अठ्ठाविसाव्या कलमात आहे, आणि त्यातून सूट द्यायचा अधिकार बाबांकडे नाही. कर्तव्यं शिकवायचीच. पण कर्तव्य केलं तरच मिळेल, तो हक्क कसला? तो पगार झाला.

डोक्यावर बसण्याचं म्हणाल तर पोलंडमधल्या वॉर्सा शहरातले डॉक्टर यानुश कोर्चाक आठवतात. त्यांच्या अनाथाश्रमात मुलांचंच न्यायालय होतं, न्यायाधीश मुलंच. खुद्द कोर्चाकांवरही तिथे खटले चालले. आश्रम काही कोसळला नाही. त्या न्यायालयाच्या नियमांत माफ करण्याची कलमं कितीतरी होती. आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर जरा शांतता पसरली.

ऐकणं म्हणजे मुलं म्हणतील ते करणं नव्हे, हेही नीट समजून घ्यायला हवं. बारावं कलम म्हणतं, मुलाशी संबंधित गोष्टीत त्याला मत मांडू द्या आणि वय-समज पाहून त्या मताला वजन द्या. चौथीने लेखी मागणी केली, गृहपाठ बंद करा. मी नाही म्हटलं, पण का नाही ते वर्गात उभं राहून सांगितलं. त्यावर एकीने विचारलं, "मग सगळ्या विषयांचा एकाच दिवशी का देता?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता आम्ही शिक्षक आपसात वार वाटून घेतो.

आणखी एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. बालसभा भरवली आणि नेहमीचीच चुरचुरीत बोलणारी चार मुलं निवडून आली. जो तोतरा बोलतो, जो मागच्या बाकावर असतो, ज्याला लिहिताच येत नाही, त्याचं काय? पहिली-दुसरीला सूचनापेटीचा उपयोग शून्य. मग त्यांना लाल आणि हिरव्या कागदाचे गोल तुकडे दिले आणि सांगितलं, शाळाभर फिरा. आवडत्या जागी हिरवा ठेवा, भीती वाटते तिथे लाल. जिन्याखालचा कोपरा लालेलाल झाला. तिथे मोठी मुलं डबे हिसकावतात म्हणे. मी रोज त्या जिन्याने चढते! आता मधल्या सुट्टीत एक शिक्षक तिथे उभा असतो.

पेटीला नवं कुलूप लावलंय. किल्ली चौथीकडे असते आणि दर शुक्रवारी पेटी सगळ्यांसमोर उघडते. फळ्यावर दोन रकाने, तक्रार आणि उत्तर. कडी त्याच आठवड्यात बसली. 'पाण्याचा नळ उंच आहे' याच्यासमोर मात्र अजून 'बाकी' असंच लिहिलंय. पहिलीतला एक जण रोज येऊन त्यावर बोट ठेवतो. जोडाक्षरं त्याला येत नाहीत अजून, पण 'बाकी' वाचता येतं.