थकीत खातेदार

आमच्या बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात मला १९ वर्षे झाली. रिझर्व्ह बँकेचे निरीक्षक १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ खाली येतात, तेव्हा शाखाधिकारी दारात उभे राहतात. आम्ही घरचे तपासनीस जातो, तेव्हा ते 'आलोच, तुम्ही चहा घ्या' असा निरोप पाठवतात. तरीही तिजोरी, सोनेतारणाची पाकिटे आणि किल्ल्यांचे रजिस्टर मी इतक्या वर्षांत इतक्या अधिकाराने तपासले आहे, की आपल्यालाही कोणी तपासू शकेल ही शक्यता माझ्या मनाने केव्हाच निर्लेखित करून टाकली होती.

अशात मनुष्यबळ विभागाचे पत्र आले. सायबर सुरक्षेचा अनिवार्य ऑनलाइन अभ्यासक्रम माझ्याकडून ६१ दिवस थकला होता. आकडा वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. कर्जाचा हप्ता ३० दिवसांपर्यंत थकला तर खाते एसएमए-शून्य (एसएमए म्हणजे बुडीत होण्याआधी खास नजर ठेवायचे खाते), ६० दिवसांपर्यंत एसएमए-एक, त्यापुढे एसएमए-दोन, आणि ९० दिवस उलटले की अनुत्पादक, म्हणजे एनपीए. याचा अर्थ मी काल रात्रीच्या दिवसअखेरीला एसएमए-दोनमध्ये गेलो होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. कर्जदार नेमके हेच सांगतात आणि मी कधी विश्वास ठेवत नाही.

मी ताबडतोब फोन लावला. घोडबंदर रोडच्या वाहतुकीत रोजचे दोन तास जातात, घरी वाय-फाय धड चालत नाही, मेहुणीच्या मुलीचे लग्न आहे, असे सगळे सांगून झाल्यावर माझ्या तोंडून निघून गेले, "मॅडम, या महिन्यात थोडे सांभाळून घ्या, पुढच्या महिन्यात एकदम भरून टाकतो." पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "सर, लेखी अर्ज द्या, बघते."

अभ्यासक्रम सुरू केला. त्यातले व्याख्यान पुढे ढकलता येत नाही, आणि दर दहा मिनिटांनी पडद्यावर 'आपण उपस्थित आहात का?' असा प्रश्न येतो; 'होय' दाबले नाही तर पहिल्यापासून सुरुवात. रात्री जेवणानंतर या प्रश्नाला खरे उत्तर 'नाही' असेच असते. म्हणून मी सोफ्यावर डुलक्या घेत असे आणि सौ. स्वयंपाकघरातून येऊन, कणकेचे हात पदराला पुसून, 'होय' दाबून जात असे. दुसऱ्याच्या आयडीवर काम करणाऱ्या लिपिकाविरुद्ध मी अहवालात 'अतिगंभीर त्रुटी' लिहितो. चालू असलेल्या धड्याचे नाव 'आपला आयडी कोणालाही देऊ नका' असे होते, हे मला सौ.कडून कळले.

ही तुटपुंजी वसुली पुरेशी न वाटल्यामुळे मला तीन दिवसांच्या उजळणी वर्गासाठी बेलापूरच्या प्रशिक्षण केंद्रात बोलावण्यात आले. ठाण्याहून पनवेल लोकल पकडून दिघा गाव, ऐरोली, रबाळे अशी स्थानके मोजत मी परिपत्रके चाळत होतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला परीक्षेच्या भीतीने पोटात गोळा येतो, हे समोरच्या सीटवरच्या दहावीच्या मुलाला मी कळू दिले नाही. तो मात्र निवांत झोपला होता.

वर्गात आम्ही वीस तपासनीस, आणि विसांनाही शेवटचा बाक हवा होता. शिकवायला आलेल्या तरुण अधिकारी बाईंना पाहून मी मान खाली घातली. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या शाखेच्या रजिस्टरात 'खाडाखोडीवर सही नाही' असा शेरा मी अकरा ठिकाणी मारला होता. त्यांनी मला ओळखले, गोड हसल्या आणि प्रश्नपत्रिका वाटल्या.

चौथा प्रश्न असा होता: एनपीए झालेल्या कर्जदाराने थकलेले व्याज भरले, मुद्दलाचा हप्ता बाकी ठेवला, तर खाते नियमित धरावे का? मी 'होय' लिहिले. मग शंका आली, खोडून 'नाही' लिहिले. शेजारचे सहकारी ३० वर्षांचे अनुभवी. त्यांच्या कागदावर 'होय' दिसले, म्हणून पुन्हा खोडले. तिजोरीला दोन किल्ल्या आणि त्या दोघांकडे वेगवेगळ्या, ही व्यवस्था एकट्याच्या हातून घोटाळा होऊ नये म्हणून असते. आम्ही दोघांनी मिळून तो व्यवस्थित केला. नुसते व्याज घेऊन खाते नियमित करण्याची सवय बऱ्याच ठिकाणी पडली होती, म्हणूनच रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले, की व्याज आणि मुद्दल अशी सगळी थकबाकी भरल्यावरच खाते नियमित होईल. ते परिपत्रक मी वाचून त्यावर सही केली होती. म्हणजे, सही केली होती.

कागद परत आला तेव्हा चौथ्या उत्तराशेजारी लाल शाईत लिहिले होते, 'खाडाखोड दोन ठिकाणी, सही एकाही ठिकाणी नाही. खुलासा करावा.' अक्षर सुंदर होते.

तिसऱ्या दिवशीच्या परीक्षेत मी उत्तीर्ण झालो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुणीकडच्या लग्नासाठी (ते खरोखरच होते) रजेचा अर्ज भरायला बसलो, तर संगणक अर्ज घेईना. एका कर्जदाराचे एक खाते एनपीए झाले की त्याची सगळी खाती एनपीए धरतात. तसेच माझे झाले होते. सायबर सुरक्षेचा शेवटचा धडा राहिला होता. मी मनुष्यबळ विभागात फोन केला आणि म्हणालो, "अहो मॅडम, तीन दिवसांचा वर्ग केला, परीक्षा दिली, बहुतेक सगळे भरले आहे, एवढासा एक धडा बाकी आहे."

"सर," त्या म्हणाल्या, "संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खाते नियमित होत नाही. तुमच्या वर्गात झाले असेल ना हे?"

"झाले," मी म्हणालो. "लेखी अर्ज देऊ का?"