चौथा घोडा कुठं गेला जी?

नागपुरात झिरो माईलच्या खांबाजवळ, त्या चार घोड्यांसमोर, ट्रायपॉड उभा केला की पोलिसाच्या आधी काका येतात. परवाही आले. कॅननच्या ईएफ माउंटची २४-७० झूम लेन्स फुजीच्या मोठ्या सेन्सरच्या जीएफएक्स कॅमेऱ्यावर चढवून मी कोपरे किती काळे पडतात ते बघत होतो. मुद्दामच. काकांनी खर्रा या गालातून त्या गालात ढकलला आणि स्क्रीनवर वाकले.

"काऊन जी, कोपरे काळे काऊन दिसून रायले?"

"लेन्स फुल फ्रेमची, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरची आहे, काका. तिच्या सेन्सरचा कर्ण ४३ मिलिमीटर, याचा ५५. कोपऱ्यापर्यंत उजेड पुरत नाही."

"म्हंजे पलंग मोठा अन् चादर लहान."

"हो."

"मंग मोठी चादर काऊन नाही घेतली?"

"महाग असते."

"अन् पलंग सस्ता होता?"

यावर मी लेन्सपुढचा हूड, म्हणजे उन्हाची झापड, काढला. फुल फ्रेमसाठी बेतलेला हूड इथं कोपरे आणखी खातो. जाड कड्याचा फिल्टरही तसाच. तरी एक घोडा अंधारातच. काकांनी चहावाल्याला हाक मारली, "अबे ये, पाय, लाखाच्या क्यामेऱ्यात घोडे तीनच!" मग स्वतःचा मोबाइल काढून एक फोटो मारला आणि मला दाखवला. चारही घोडे. वर खांबही सरळ.

त्यांना ८५ किंवा १३५ मिलिमीटरची लेन्स लावून दाखवायला हवी होती. लांब लेन्स बहुधा निभावून नेतात. टिल्ट-शिफ्ट, म्हणजे तिरक्या करता आणि सरकवता येणाऱ्या लेन्स, तर मुळातच उजेडाचं मोठं वर्तुळ टाकतात. कॅननच्या १७ आणि दुसऱ्या पिढीच्या २४ चं ६७ मिलिमीटरचं. पण काका थांबले असते तर ना! अंधूक कडा अ‍ॅपर्चर (लेन्समधलं भोक) एफ/८ पर्यंत लहान केलं की उजळतात, ठार काळा कोपरा उजळत नाही. तो कापायचाच. चौरस फ्रेम घेतली तर कर्ण साडेसेहेचाळीसवर येतो, थोडक्यात भागतं. सेन्सरचा फुल फ्रेमएवढा मधला भागच वापरणारा ३५ मिलिमीटर मोड लावला तर १०० मेगापिक्सेलचे ६० उरतात. ६०च हवे होते तर एवढा पलंग कशाला, हे काकांनी विचारलं नाही, नशीब.

लेन्स आणि बॉडीमधलं जोडकडं, म्हणजे अडॅप्टर, बनवणाऱ्यांचं तर बोलूच नका. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ईएफचं ४४, जीएफएक्सचं २६.७, म्हणजे अडॅप्टर १७.३ मिलिमीटरचाच हवा. ०.१ जाड झाला आणि लेन्सच्या फोकस रिंगला पुढे फिरायला जागा नसली, की २४ च्या लेन्सला पावणेसहा मीटरपलीकडचं सगळं भुरकट. म्हणून बनवणारे तो जरा पातळच ठेवतात. मग लेन्सवरचे अंतराचे आकडे नुसते शोभेला. विजेची जोडणी नसलेला स्वस्तातला घेतलात तर ईएफचं अ‍ॅपर्चर सताड उघडंच राहतं, कारण या लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंगच नाही. मग जुगाड: कॅननच्या बॉडीवर एफ/८ लावा, अ‍ॅपर्चर तेवढं मिटवणारं डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा, तशीच लेन्स काढा. उन्हात, तीन हात लागतात.

आणि दुकानात सोनी ई माउंटची लेन्स दाखवून विचारा, दुकानदार म्हणतो, "लग जाएगा भैया." ई माउंटचं अंतर १८. लेन्स बॉडीत पावणेनऊ मिलिमीटर रुतवली तरच दूरचं दिसेल. लागेल की, आधी त्याच्याच कॅमेऱ्याला भोक पाडून दाखव म्हणावं.