गाण्यात व्हायरस येत नाही, हे कोणी सांगितलं?

लग्नसराई आली की आमच्याकडच्या मोबाइल दुकानांत पेनड्राइव्ह भरून घ्यायला गर्दी होते. अहिराणी गाणी, बँडचे व्हिडिओ, डीजेचे मिक्स. यंदा त्याच ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "गाणं, व्हिडिओ, सबटायटल यांत व्हायरस येतच नाही, तो फक्त ईएक्सई आणि एपीकेत असतो. फाइल खराब असली तर फार तर प्लेअर बंद पडेल. म्हणून प्लेअर अपडेट करू नका, जुनाच हलका चालतो." अमळनेर ते शिरपूर, चार ग्रुपांवर मला तो आला. त्यातल्या दोन वेळा पाठवणारा माझाच मेहुणा.

एपीकेचं, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलचं, खरं आहे. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. पण म्हणून गाणं निर्धोक ठरत नाही.

प्लेअर फाइल वाचतो, आणि घोळ या वाचण्यातच होतो. समजा, रावेरहून केळीची गाडी दिल्लीला निघाली. बिल्टीवर शेतकऱ्याच्या नावाला वीस अक्षरांचा चौकोन, त्याला लागूनच 'माल कुठे उतरवायचा' हा दुसरा. कोणी चाळीस अक्षरांचं नाव सांगितलं आणि कारकून चौकोन न बघता लिहीत गेला, तर उरलेली वीस अक्षरं शेजारच्या चौकोनावर चढतील. ती नावाची नसून भामट्याच्या गोदामाचा पत्ता असतील तर? ड्रायव्हर बिल्टी वाचूनच गाडी नेणार. बफर ओव्हरफ्लो म्हणतात तो हाच. मेमरीतही माहितीच्या शेजारी 'आता पुढे कुठे जायचं' हे लिहिलेलं असू शकतं.

हे कागदी नाही. २०१५ साली अँड्रॉइडमधल्या स्टेजफ्राइट या व्हिडिओ वाचणाऱ्या भागात असेच दोष सापडले. एमपी४ फाइलमधले दोन आकडे बेरजेत इतके मोठे व्हायचे की बेरीज मावायची नाही, उलट छोटी निघायची. त्या छोट्या आकड्याएवढी जागा घेतली जायची आणि त्यात भलामोठा मजकूर ओतला जायचा. शोधणाऱ्या कंपनीच्या अंदाजाने सुमारे ९५ कोटी फोन यात येत होते. काही फोनवर तर एमएमएस नुसता येऊन पडला तरी पुरे, उघडायचीही गरज नव्हती. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनेही एमपी४ वाचण्यातला असाच दोष जाहीर केला. म्हणजे हा मेसेज ज्याच्यावरून फिरतोय, त्याच्यातच.

सबटायटल? ती तर साधी अक्षरं, त्यात काय असणार, असं वाटतं. मे २०१७ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी व्हीएलसी, कोडी, पॉपकॉर्न टाइम आणि स्ट्रेमिओ या चारही प्लेअरांत सबटायटलच्या फाइलीतून कॉम्प्युटरचा ताबा घेता येतो, हे करून दाखवलं.

'फार तर प्लेअर बंद पडेल' हे बऱ्याचदा खरं ठरतं. आजच्या सिस्टिम मेमरीतले पत्ते दर वेळी हलवून ठेवतात, त्यामुळे भामट्याचा नेम चुकतो आणि प्लेअर कोसळतो. पण नेम चुकणं वेगळं, दार बंद असणं वेगळं.

'अपडेट करू नका' हा मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. दोष दुरुस्त झाला की तो कुठे होता हे जगजाहीर होतं, मग जुनं प्लेअर वापरणारा आयता सापडतो. जुलै २०१९ मध्ये 'व्हीएलसी काढून टाका' अशी आरोळी उठली होती. व्हीएलसी बनवणाऱ्यांनी सांगितलं की दोष लिबईबीएमएल नावाच्या बाहेरच्या लायब्ररीत (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडमध्ये) होता आणि तो सोळा महिन्यांपूर्वीच दुरुस्त झालाय. दोष कळवणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर जुनी लायब्ररी होती!

एक मात्र पाळा, नवं प्लेअर मूळ वेबसाइटवरूनच घ्या. २०२२ मध्ये व्हीएलसीची साइट भारतात काही महिने बंद होती, तेव्हा लोकांनी कुठून कुठून उतरवलं कोण जाणे.

मेहुण्याचा लॅपटॉप परवा उघडला. व्हीएलसी २.२.४ निघालं, २०१६ चं, म्हणजे सबटायटलच्या त्या दुरुस्तीच्याही आधीचं. चहा होईपर्यंत नवं बसलं. हळदीला तीच गाणी वाजली, नाचणाऱ्यांना काही कळलंही नाही. मेसेज मात्र त्याने अजून ग्रुपवरून काढलेला नाही.