फेस आला म्हणजे जंतू मेले का?

काल संध्याकाळी पप्या लंगडतच कट्ट्यावर आला. चौकातल्या खणून ठेवलेल्या रस्त्यावर खडीवरून गाडी घसरली. गुडघा चांगलाच सोलवटला होता आणि त्यात काळी कच रुतली होती. अण्णाचं गॅरेज कट्ट्याला लागूनच. तो आतून तपकिरी बाटली घेऊन धावत आला. हायड्रोजन पेरॉक्साइड! त्याच्या गॅरेजात कुणाला काही लागलं, कापलं की हेच.

"ओतू नकोस," मी त्याचा हात धरला.

"अरे, का? जिथे फेस तिथे जंतू. फेस थांबला की जखम साफ!"

हे मीही लहानपणापासून मानत आलो होतो. मागच्या पावसाळ्यात मुलीच्या कोपराला खरचटलं, तेव्हा आठ दिवस रोज हेच ओतलं. रोज फेस यायचा, रोज कडा पांढऱ्याफटक पडायच्या आणि आतून कातडी काही धरेना. शेवटी डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. नुसत्या पाण्याने धुवा आणि झाकून ठेवा म्हणाले. चार-पाच दिवसांत कोवळी गुलाबी कातडी आली. आठ दिवस पोरीला उगाच झोंबवलं, हे अजून मनातून जात नाही.

मास्तरांनी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. ते काही न बोलता उठले, वडापावच्या गाडीवरून एक कच्चा आणि एक उकडलेला बटाटा घेऊन आले. दोन्ही चिरले आणि बाटलीतले दोन-दोन थेंब टाकले. कच्च्यावर लगेच पांढरा फेस फसफसून वर आला. उकडलेल्यावर थेंब नुसता पडून राहिला.

"आता सांग, ताज्या चिरलेल्या बटाट्याच्या पोटात कुठले जंतू?"

"उकडल्यावर जंतू मरतातच की, मास्तर!" अण्णा म्हणाला. मुद्दा खोटा नव्हता. मास्तरही क्षणभर थांबले.

तेव्हा विन्या बोलला. तो पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. "अण्णा, आम्ही जंतू ओळखायला हाच थेंब वापरतो. स्टॅफ नावाच्या जंतूवर टाकला की फेस येतो, स्ट्रेपवर येत नाही. जखम दोन्ही चिघळवतात. म्हणजे फेस आला नाही तरी जंतू असू शकतो."

मग मास्तरांनी नीट उलगडून सांगितलं. आपल्या रक्तात, पेशींत, बटाट्यातसुद्धा कॅटालेज नावाचं विकर असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. फेस म्हणजे तो ऑक्सिजन. उकडल्यावर विकर मोडतं, म्हणून फेस येत नाही. बाटलीवर '20 व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. म्हणजे एक मिलिलिटरमधून वीस मिलिलिटर ऑक्सिजन सुटतो. साधारण सहा टक्क्यांचं द्रावण असतं ते. आणि बहुतेक लोक त्यात पाणीही न घालता तसंच ओततात!

"मग जंतू मरतच नाहीत म्हणता?"

"मरतात. पण ते आपलं-परकं बघत नाही. नवी कातडी विणणाऱ्या पेशीही त्यातच भाजतात."

अण्णाने लगेच सोडलं नाही. फेसाबरोबर घाण सुटून वर येते, हे तरी खरं की नाही? खरं आहे. गोठलेलं रक्त, माती त्या बुडबुड्यांनी सैल होते. पण तेच काम वाहतं पाणी करतं, आणि पेशींना धक्का न लावता. खिळा घुसून झालेल्या खोल जखमेत तर हे कधीच ओतू नये. आत कोंडलेला वायू रक्तात शिरला तर जीवावर बेतू शकतं. गॅरेजात खिळे-पत्रे रोजचेच, म्हणून हे मी त्याला दोनदा सांगितलं.

एका गोष्टीवर मात्र तो शेवटपर्यंत अडून बसला: जखमेला हवा लागली पाहिजे, खपली धरली पाहिजे. 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की ओलसर झाकलेल्या जखमेवर उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. म्हणून व्हॅसलिनचा पातळ थर आणि वर स्वच्छ पट्टी. "माझ्या आजोबांनी कधी पट्टी बांधली नाही," अण्णा म्हणाला. त्याला काय उत्तर देणार?

"धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतंस?" विन्याने पप्याला विचारलं. त्याला आठवेना. मातीची जखम, आणि मागच्या डोसला पाच वर्षं होऊन गेली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. दवाखाना आठपर्यंत उघडा होता.

त्याआधी गॅरेजातल्या पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली पप्याचा पाय धरला. पहिल्या दोन मिनिटांत काहीच हललं नाही. मग एकेक काळा खडा सुटून मोरीत जायला लागला. एक अडकून बसला होता. तो अण्णानेच साबणाने हात धुऊन, उकळत्या पाण्यातून काढलेल्या चिमट्याने अलगद उचलला. तपकिरी बाटली बटाट्याच्या फोडींशेजारी कट्ट्यावरच राहिली होती.