अकरा नंबरचा ड्रम

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे टँकवर काम करणाऱ्या एका मुलाच्या बाळाचं बारसं होतं. दिघ्याला चढावर त्याची खोली. मी आणि माझी जाऊ गेलो होतो. हातपाय धुवायला त्याच्या आईने मोरीकडे नेलं. तिथे काठोकाठ भरलेला निळा ड्रम होता आणि त्यावर पिवळ्या ऑइल पेंटने 11 लिहिलं होतं. अक्षर माझं होतं.

रबाळे एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या भागांवर पावडरचा रंग चढवण्याचं, छोटं युनिट आहे. दीर प्रॉडक्शन बघतात, मी स्टोअर, हिशेब आणि कागदपत्रं. आत येणाऱ्या प्रत्येक ड्रमवर मी नंबर टाकते. अकरा नंबरमध्ये पॅसिव्हेशनचं, म्हणजे धातू गंजू नये म्हणून वापरायचं, केमिकल आलं होतं. त्यात क्रोमियम असतं, आणि आम्ही तेव्हा वापरत होतो ते हेक्झाव्हॅलंट, म्हणजे ज्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे ते. ड्रम रिकामा झाल्यावर मीच तो भंगारवाल्याला साडेतीनशे रुपयांना दिला होता. पैसे मोजून घेतले, गेटपास फाडला, विषय संपला.

ती आजी कौतुकाने सांगत होती, "ड्रम चांगला जाड आहे ताई. गरम पाण्याने आणि साबणाने तीनदा धुतला." ड्रममधल्या पाण्याला ना रंग होता ना वास. पण पाण्याच्या रेषेच्या वर, प्लास्टिकला आतून, बोटभर रुंदीचा एक पिवळसर पट्टा होता. माझी नजर तिथून हलेना. आतल्या खोलीत बाळाला पाळण्यात घालत होते. त्याला सकाळी ज्या पाण्याने आंघोळ घातली असेल ते कुठून काढलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्याच दिवशी नवा ड्रम घेऊन गेले आणि अकरा नंबर परत आणला. कशासाठी, ते मुलाला आणि त्याच्या आईला खाली बसवून नीट सांगितलं. फार अवघड गेलं ते सांगणं. ती म्हणाली, "पण ताई, तुम्हीच विकला होता ना?" हो, मीच.

हे सगळं इतक्या दिवसांनी लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात शेजारच्या गाळ्यातले एक गृहस्थ मला समजावत होते, "वहिनी, गाडी गेटबाहेर गेली की आपला संबंध संपला. पुढे त्याने काय करायचं ते तो बघेल." चांगला माणूस आहे, कामगारांचे पगार कधी थकवत नाही. पण हे वाक्य चूक आहे. कायद्यानेही चूक आहे आणि माणुसकीनेही.

कायद्याचं आधी सांगते. घातक कचऱ्याचे नियम 2016 सालचे आहेत. त्यातला 23 वा नियम सरळ सांगतो की चुकीच्या हाताळणीने पर्यावरणाचं किंवा तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं, तर कचरा जिथे तयार झाला तो कारखानदार जबाबदार. भंगारवाल्याने आपल्याला पैसे दिले म्हणून जबाबदारी त्याच्या टेम्पोत चढत नाही. आणि घातक कचरा म्हणजे मोठ्या केमिकल कंपन्यांचंच काम, असंही नाही. आमच्या टँकच्या तळाला बसणारा फॉस्फेटचा गाळ त्या यादीत आहे. मशीनमधून काढलेलं जुनं ऑइल आहे, ऑइलने माखलेली चिंधी आहे, पेंटचा गाळ आहे आणि केमिकलचे रिकामे ड्रमसुद्धा आहेत. एमआयडीसीतल्या कुठल्याही गल्लीत दहा शटर उघडून बघा, यातलं काही ना काही निम्म्याहून जास्त ठिकाणी सापडेल.

हा माल फक्त प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या ठिकाणीच द्यायचा. आपलं नशीब असं की आपल्याला लांब जावं लागत नाही. महाप्यात आणि तळोज्यात अशा कचऱ्याची सामायिक केंद्रं आहेत. तिथे आपला गाळ तपासतात, गरज असेल तर चुना किंवा सिमेंट मिसळून घट्ट करतात, आणि जाड प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या बंदिस्त खड्ड्यात ठेवतात. त्या अस्तरामुळे पावसाचं पाणी झिरपून खाली जमिनीत उतरत नाही, वेगळं गोळा करून त्यावर प्रक्रिया होते. आमच्या शेडमागच्या नाल्यात ओतलेल्या गाळाला असलं अस्तर कुठून येणार?

आता मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या गाडीबरोबर जाणारा नोंदीचा कागद. हा शब्द ऐकला की बरेच जण कपाळाला हात लावतात. मीही लावायचे. पण एकदा समजून घेतल्यावर मला तो या सगळ्या नियमांमधला सगळ्यात शहाणा कागद वाटला. त्याच्या सात प्रती असतात, प्रत्येकीचा रंग वेगळा. पांढरी मंडळाकडे जाते. पिवळी गाडीवाल्याची सही घेऊन आपल्याकडे राहते. गुलाबी माल घेणाऱ्याकडे, नारिंगी गाडीवाल्याकडे, हिरवी माल घेणारा मंडळाला पाठवतो. माल परराज्यात गेला तर राखाडी तो आपल्या राज्यातल्या मंडळाला पाठवतो. आणि निळी प्रत माल उतरल्यावर आपल्याकडे परत येते. ती निळी कॉपी म्हणजे पोहोचपावती. पिवळी सांगते माल निघाला, निळी सांगते माल पोहोचला. या दोन कागदांच्या मधे जे अंतर असतं ना, तिथेच सगळे घोटाळे होतात. रात्री टँकर नाल्याला लागतो तो याच अंतरात.

उल्हासनगरला 2014 मध्ये काय झालं ते आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना तरी आठवत असेल. वालधुनी नदीत रसायन ओतलं गेलं, विषारी वायू झाला आणि शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. आणि 2017 च्या ऑगस्टमधली तळोज्याची निळी कुत्री? कासाडी नदीत कारखान्याचा रंग गेला, त्या पाण्यात कुत्री उतरली आणि निळी होऊन रस्त्यावर फिरायला लागली. ते फोटो जगभर गेले, तेव्हा कुठे कारवाई झाली. रंग होता म्हणून दिसलं. क्रोमियमच्या पाण्यात कुत्रं उतरलं तर ते नेहमीसारखंच दिसेल.

आमच्या इथले नाले खाडीला मिळतात. एमआयडीसीचं सामायिक सांडपाणी केंद्र आहे, पण नाल्यात ओतलेलं त्या केंद्रापर्यंत जातच नाही, ते थेट खाडीत. ठाण्याची खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये तिला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, जागा मिळाली. हिवाळ्यात आपण सगळे ऐरोलीला बोटीत बसून गुलाबी पक्ष्यांचे फोटो काढतो. ते पक्षी त्याच चिखलात चोच घालून खातात. माझ्याकडे वर्षानुवर्षं मासळी आणणारी कोळीण मावशी सांगते, तिच्या सासऱ्यांच्या वेळी निवट्या आणि चिंबोऱ्या हाताने धरून टोपली भरायची. आता कधी कधी मासळी चुलीवर चढवली की रॉकेलसारखा वास सुटतो आणि अख्खी कढई टाकून द्यावी लागते. ती मला हे सांगते तेव्हा तिला ठाऊक नसतं की मी कुठे काम करते.

खर्चाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. लहान युनिटला केंद्राची मेंबरशिप, वजनावरचा दर, गाडीभाडं, हे सगळं जाणवतं. आम्हालाही जाणवलं. पण काही गोष्टी आम्ही हाताने करून शिकलो. गाळ ओला पाठवला की आपण पाण्याच्या वजनाचे पैसे भरतो. म्हणून आता टँक रिकामा केला की गाळ कापडी पिशव्यांत भरून खाली ट्रे ठेवून निथळू देतो, निथळलेलं पाणी ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला), आणि पिशवी राखाडी, टणक, मातीच्या ढेकळासारखी झाली की मगच वजन. बिल डोळ्यांना दिसेल इतकं उतरलं. दिरांनी सप्लायरच्या मागे लागून पॅसिव्हेशनचं केमिकलच बदललं, आता हेक्झाव्हॅलंट येतच नाही. सगळ्यात स्वस्त कचरा म्हणजे जो आत आलाच नाही तो. ड्रमसाठीही सप्लायरला सांगितलं, भरलेला आणाल तेव्हा रिकामा परत न्या आणि तसं चलनावर लिहा. एकाने ऐकलं, दुसऱ्याने नाही. त्याचे ड्रम परवानगी असलेल्या ड्रम धुणाऱ्या युनिटला जातात, कागदासकट.

साठवणुकीचा नियम 90 दिवसांचा आहे. वर्षाला दहा टनांपेक्षा कमी कचरा असणाऱ्या आपल्यासारख्यांना मंडळ 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. न मागता कोणी देत नाही. आणि 30 जूनच्या आत वर्षाचा हिशेब, फॉर्म चार, भरायचा.

दंडाबद्दलही एक बोलते. जनविश्वास कायद्यानंतर पर्यावरण कायद्यातल्या चुकीसाठी तुरुंगाऐवजी दंड आला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये एकाने ही बातमी पेढे वाटल्यासारखी सांगितली. मला ते आवडलं नाही, आणि तिथेच उठून तसं सांगितलं. दंड भरता येतो म्हणून दिघ्यातली ती मोरी स्वच्छ होत नाही.

ज्यांचा कारखाना नाही त्यांनीही आपण सुटलो असं समजू नये. महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कमधली जुनी यूपीएस, कॉम्प्युटर, बॅटऱ्या कुठे जातात? नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे गेल्या नाहीत, तर कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये कोणी तरी बॅटरी फोडून शिसं वितळवतं आणि त्याची पोरं बाजूला खेळत असतात. क्लिनिकवाल्यांनी सुया साध्या कचऱ्यात टाकल्या तर त्या सफाई कामगाराच्या बोटात घुसतात. हॉटेलांचं वापरलेलं तेल तर पुन्हा गाड्यांवर विकलं जातं, आणि तेच आपण वडापावबरोबर खातो. रोज 100 किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांनी ओल्या कचऱ्याची सोय स्वतःच्या आवारात करायची, हेही कितीतरी हॉलवाल्यांना आणि सोसायट्यांना माहीत नसतं, किंवा माहीत असून महापालिकेच्या गाडीवर ढकललं जातं.

भंगारवाल्यांना मी शत्रू मानत नाही. पुठ्ठा, लोखंड, स्वच्छ प्लास्टिक त्यांच्यामुळेच पुन्हा कामाला येतं. आमचा भंगारवाला आजही येतो. पण केमिकल लागलेली वस्तू त्याच्या हातात देणं म्हणजे त्याच्या घरात विष देणं आहे. तो माल उघड्या हाताने धुतो आणि ते पाणी त्याच्याच दारासमोरच्या गटारात जातं. त्याला हे समजावलं तेव्हा तो थोडा गप्प झाला आणि मग त्याने विचारलं, "मॅडम, इतकी वर्षं कोणी सांगितलं का नाही?"

आमच्या केंद्राची गाडी दर तीन महिन्यांनी येते. पुढची फेरी पुढच्या महिन्यात आहे. रबाळ्यातल्या आमच्या गल्लीत आणि मागच्या गल्लीत ज्यांच्याकडे थोडाथोडा माल आहे, पन्नास-शंभर किलो, त्यांना एकट्याने गाडी बोलावणं परवडत नाही हे मला ठाऊक आहे. एकाच दिवशी चार-पाच गाळ्यांतून उचल झाली तर भाडं वाटून जाईल, मी तसं बोलून ठेवलं आहे. मात्र प्रत्येकाची मेंबरशिप, मंडळाची परवानगी आणि मॅनिफेस्ट स्वतःच्याच नावाचं लागेल, त्यात पळवाट नाही. फॉर्म भरायला अडत असेल तर शनिवारी दुपारी तीननंतर स्टोअरला या, मी बसून भरून देईन. येताना कन्सेन्टची, म्हणजे कारखाना चालवायला मंडळाने दिलेल्या संमतीची, कॉपी आणा, आणि गाळ निथळायला आजपासूनच ठेवा.