एका दिवसात हायवे वन? नका करू!

लेख छान आहे, पण सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हायवे वनने, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने, एका दिवसात करा हा सल्ला काही पटला नाही. आम्ही पहिल्यांदा तेच केलं. आठवतो तो फक्त समोरच्या गाडीचा मागचा दिवा. दुसऱ्यांदा तीन दिवस काढले, तेव्हा कुठे रस्ता दिसला.

लेखात बिक्सबी पूल आहे (१९३२चा, फोटो सगळेच काढतात), पण सॅन सिमियन गावाजवळचा पिएद्रास ब्लांकास किनारा कसा सुटला? तिथे रस्त्याला लागूनच एलिफंट सील (सोंडेसारख्या नाकाचे अवाढव्य समुद्री प्राणी) पसरलेले असतात. १९९० साली ते या किनाऱ्यावर यायला लागले, १९९२मध्ये पहिलं पिल्लू जन्मलं. आता जानेवारीत गेलात तर पाय ठेवायला जागा नाही, म्हणजे त्यांना! एक मादी पुढच्या वल्ह्यासारख्या पायाने स्वतःच्याच पाठीवर वाळू उडवत होती, डोळे मिटून, अगदी निवांत. नराचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपावर कोणी सोटा बडवावा तसा. वासाची तयारी ठेवा. तिकीट नाही, आणि वर्षभर थोडे तरी सील दिसतातच. मोरो बे गावात पाणमांजरंही बघा, समुद्री शेवाळ अंगाभोवती गुंडाळून झोपतात.

उत्तरेकडून दक्षिणेला जा, समुद्र आपल्या बाजूला राहतो आणि थांबे उजवीकडे मिळतात. बिग सर या डोंगराळ किनारपट्टीच्या आधी पेट्रोल भरा, तिथे मोबाईलला रेंजही नसते. आणि दरडींमुळे रस्ता बंद होतो, २०१७ साली तर वर्षभराहून जास्त होता, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी कराच.