‘मुलींना सगळीकडे फी माफ’ म्हणे! कुठे, ते वाचलं का?

रविवारी सकाळी सव्वासातला नारायणगावहून ताईचा मेसेज आला. वर तो दुहेरी बाण, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्रात फिरून आलेला. मजकूर थोडक्यात असा: पालकांनो, जागे व्हा. पुणे विद्यापीठाचा बाजार उठला, रँकिंग कोसळलं. नाव बदलल्यापासून तिथली डिग्री परदेशात चालत नाही. तिथून निघालेल्या पोराला पंधरा हजारांच्या वर कोणी देत नाही, उलट प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत सरासरी पॅकेज बारा लाख. आणि आता सरकारने मुलींची फी सगळीकडे १०० टक्के माफ केली आहे, मग स्वस्तात होतं म्हणून सरकारी विद्यापीठाचे उंबरे कशाला झिजवता? खाली लिंक आणि ‘आजच सीट बुक करा’.

ताईचे सुप्रभातवाले फोटो मी उघडतही नाही. पण या मेसेजखाली तिची स्वतःची एक ओळ होती. ‘ऋतूचं इथेच केलं. पंचवीस हजार भरले.’ ऋतू म्हणजे माझी भाची.

माझं वारज्यात झेरॉक्सचं दुकान आहे. जून ते सप्टेंबर झेरॉक्स कमी आणि फॉर्मच जास्त. कॅप राउंड म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्या, महाडीबीटी हे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल, नॉन-क्रिमीलेअरचे दाखले, हेच चालू असतं. रोज चार पालकांना मी जे समजावतो, ते सख्ख्या बहिणीने मला न विचारता उलटं करून ठेवलं. त्यामुळे आवाज थोडा चढला असेल तर समजून घ्या.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण पैसे त्याच्यावर गेले.

फीमाफी खरी आहे. उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, माझ्या काउंटरवर त्याची प्रिंट चहाच्या डागासकट ठेवलेली आहे. त्यात सरकारी पद्धतीचं, श्वास न घेता लिहिलेलं एक लांबलचक वाक्य आहे. शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित, कायम विनाअनुदानित महाविद्यालयं, तंत्रनिकेतनं, सार्वजनिक विद्यापीठं अशी सगळी वरात त्यात आहे. आणि त्याच वाक्यात एक शब्द आहे: ‘वगळून’. काय वगळून? तर खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं. लिंकवाली युनिव्हर्सिटी याच दुसऱ्या जातीची.

म्हणजे मेसेज काय सांगतो बघा. माफी आहे म्हणून तिकडे जा, जिकडे माफी नाही. कार्यालयात लग्नाचं जेवण फुकट आहे हे ऐकून समोरच्या हॉटेलात जाऊन बसायचं, असला हा सल्ला. आणि ताट वाढून झाल्यावर बिल येणार, तेही चार वर्षं.

पुढचं कोणी वाचतच नाही. ही माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ओबीसी प्रवर्गातली हवी आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या, त्या आधीपासून आहेत. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थापातळीवर घेतला तर कॉलेज तेच, बाक तोच, पण माफी नाही. आणि माफ काय होतं? शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. होस्टेल, मेस यांचा त्यात संबंध नाही. तेव्हा ‘१०० टक्के’ म्हणजे शून्य रुपये, असंही नाही. आधी ५० टक्के सवलत होती, ती पूर्ण केली, एवढाच त्याचा अर्थ.

आता ऋतूचं बघा. माळी, म्हणजे ओबीसी. घर टोमॅटोवर चालणारं, नारायणगावच्या मार्केटला क्रेट किती रुपयांनी गेलं त्यावर वर्ष ठरतं. आठ लाखांच्या कितीतरी आत. सीईटीला पर्सेंटाइल ९१. पुणे विद्यापीठाला संलग्न एखाद्या बऱ्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॅपमधून तिचा नंबर लागला, तर शिक्षण शुल्क शून्य. जात पडताळणी झालेली आहे, नॉन-क्रिमीलेअर काढलेलं आहे, उत्पन्नाचा दाखला तेवढा तहसीलमधून नवा काढायचा. ज्या मुलीसाठी हा निर्णय निघाला ती नेमकी हीच, आणि तिलाच त्याच निर्णयाचं नाव सांगून बाहेर काढलं.

ताईला फोन लावला. ती म्हणाली, ‘अरे दादा, तिथला मुलगा म्हणाला स्कॉलरशिप पण आहे.’ म्हटलं, ‘सरकारची का त्यांची?’ गप्प. त्यांची म्हणजे आधी फी फुगवायची आणि त्यातले काही टक्के कमी करून उपकार करायचे, तेही दरवर्षी ठरावीक गुण टिकले तर. म्हटलं, ‘पावतीचा फोटो पाठव.’ पावतीवर ‘शिक्षण शुल्क’ असा शब्दच नव्हता. ‘प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन’ होतं, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘परत मिळणार नाही’.

आता पगार. बारा लाख ‘सरासरी’. दहावीच्या गणितात आपण सगळे मध्य आणि मध्यक शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. दहा पोरं धरा. एकाला परदेशी कंपनीने चाळीस लाख दिले, बाकीच्या नऊ जणांना तीन-तीन लाख. सरासरी येते सहा लाख सत्तर हजार. तेवढा पगार त्या दहांत एकालाही नाही! मध्यक काढा, तीन लाख. बोर्डावर कोणता आकडा रंगवणार, ते सांगायला नको. शिवाय ही सरासरी फक्त नोकरी लागलेल्यांची असते. न लागलेले त्यात शून्य म्हणून धरत नाहीत, ते यादीतूनच गायब होतात.

खरं बघायचं तर केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला तक्ता भरून द्यावा लागतो: किती जणांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले, आणि नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक किती. आकडा अक्षरातही लिहिलेला असतो, चेकवर लिहितात तसा. तो तक्ता कोणालाही बघता येतो. त्यांच्याकडून सीट बुक करून घ्यायला बसलेल्या मुलाला म्हणायचं, बाबा रे, तुमचा हा तक्ता दाखव. लगेच त्याला दुसरा फोन येतो.

आणि ‘पॅकेज’ म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, मिळाला तर मिळाला असा बोनस, सगळं त्यात कोंबलेलं असतं. त्या पगारातून शिक्षणाचा खर्च कोण वजा करणार? धरून चाला, फी वर्षाला चार लाख. चार वर्षांचे सोळा लाख कर्ज काढले, दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे, तर हप्ता महिन्याला २१ हजारांच्या पुढे जातो. शिकत असतानाचं व्याज मी यात धरलेलंही नाही.

पंधरा हजारांचं मात्र सरसकट खोटं म्हणणार नाही. साधं बीए, बीकॉम करून लागलेली पहिली नोकरी त्याच्या आसपासची असते, माझ्या दुकानात बायोडाटा टाइप करायला येणारी पोरं तेच सांगतात. पण तो त्या पदवीचा बाजारभाव आहे. एका पारड्यात विद्यापीठाचं बीकॉम आणि दुसऱ्यात प्रायव्हेटचं बीटेक टाकून काटा कुठे झुकतो ते दाखवायचं, ही मापात पाप करायची जुनी युक्ती आहे. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत मोजून बघा, पुणे विद्यापीठाच्या डिग्रीवर बसलेले इंजिनिअर किती निघतात. त्यांच्या तोंडी कॉलेजचं नाव असतं, विद्यापीठाचं नसतं, एवढाच फरक.

परदेशात डिग्री चालत नाही, हा मुद्दा वाचून मी चहा सांडला. विद्यापीठ १९४९ चं. २०१४ साली सावित्रीबाई फुल्यांचं नाव दिलं. संस्था तीच, कायद्याने स्थापन झालेली. १९९६ मध्ये बॉम्बे युनिव्हर्सिटीची मुंबई झाली, तेव्हा अमेरिकेतल्या डॉक्टरांना परत पाठवल्याचं कोणी ऐकलंय का?

रँकिंगचं खरं आहे, कबूल. एनआयआरएफच्या विद्यापीठांच्या यादीत २०२४ ला २३ वा क्रमांक होता, २०२५ ला ५६ वा. एका वर्षात एवढी घसरण म्हणजे लाज वाटायलाच हवी, आणि प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्यावर दुसरं काय होणार! पण त्यासाठी मंत्रालयाला धारेवर धरा ना. पोरीचे पंचवीस हजार दुसरीकडे भरून विद्यापीठाच्या जागा भरणार आहेत का?

आणखी एक गोष्ट मेसेजवाल्याला सुचली नाही, ती मीच सांगतो, कारण ती खरी आहे. विद्यापीठाचं म्हणजे स्वस्तच, असं डोळे झाकून धरू नका. एकाच कॉलेजात अनुदानित तुकडीचं बीएस्सी काही हजारांत होतं आणि शेजारच्या वर्गातलं विनाअनुदानित बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स त्याच्या कितीतरी पट महाग पडतं. विद्यापीठाच्या होस्टेलला जागा मिळणं म्हणजे नशीब. नाही मिळाली तर पेठेत कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं, आणि मेसचा डबा. गावाकडच्या पोरांना फीपेक्षा हेच जड जातं. कमवा व शिका आहे, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, पण भत्ता खात्यात पडेपर्यंत घरमालक थांबत नाही. हिशोब मांडायचाच तर हे धरून मांडा.

ताईला शासन निर्णयाच्या त्या पानाचा फोटो पाठवला, ‘वगळून’ला लाल पेनाने गोल करून. तिने तो, हा मेसेज जिथून आला होता त्याच ग्रुपवर टाकला. कोणी काही बोललं नाही. अर्ध्या तासाने तिच्या चुलत दिरांनी हात जोडलेले दोन इमोजी टाकले, आणि त्याखाली परत तोच मेसेज.

सोमवारी ताई आणि ऋतू सकाळच्या एसटीने शिवाजीनगरला उतरतील. तिथून आम्ही आधी पंचवीस हजारांच्या मागे जाणार आहोत. रद्द केलेल्या प्रवेशाचे पैसे परत द्यायचे नियम यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे आहेत, पावतीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांचे नाहीत. अर्ज टाइप करून ठेवलाय, दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. ऋतूला म्हटलंय, उत्पन्नाच्या दाखल्यावर तारीख यंदाची आहे का ते आधी बघ.